तिथी, वार आणि साल : बखर आणि शकावली कशी वाचावी

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घेऊन बसा. आजच्या बोलण्यातले काही आकडे लिहून घ्यावे लागतील.

मराठ्यांच्या इतिहासातल्या घटना सांगणारं जुनं लिखाण मुख्यतः दोन तऱ्हेचं. बखर आणि शकावली. बखर हकिकत सांगते. कोण काय बोललं, कुणाचं मन दुखावलं, फौज कशी कूच करून गेली, हे सगळं तिच्यात येतं. शकावलीत एवढंच असतं : शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव), महिना, तिथी, वार, आणि एका ओळीत घटना. वाचायला बखर गोड. पण घटना नक्की कधी झाली हे ठरवायचं तर शकावलीकडेच जावं लागतं.

बखर बहुधा कुणाच्या तरी आज्ञेवरून लिहिलेली असते, आणि तीही घटना होऊन गेल्यावर. कृष्णाजी अनंत सभासदानं शिवाजी महाराजांची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली. महाराजांना जाऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. मल्हार रामराव चिटणीसांनी महाराजांचं सप्तप्रकरणात्मक चरित्र आपल्या साताऱ्यात लिहिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनी. रघुनाथ यादवाची पानिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेची. या गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या कन्या, आणि त्यांचा मुलगा विश्वासराव त्याच रणात पडलेला. अशा आईसाठी लिहिणाऱ्याची लेखणी कुठे जपून चालली असेल, याचा अंदाज वाचणाऱ्यानं करायला हवा. म्हणून बखर हाती आली की आधी पहिल्या आणि शेवटच्या ओळी वाचा. लिहिणारा, लिहवून घेणारा आणि काळ यांचा पत्ता बहुधा तिथेच लागतो.

बखरीतले मोठे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. सभासद सिंहासन बत्तीस मण सोन्याचं सांगतो. पण मण जागोजागी आणि मालागणिक वेगळा होता, त्यामुळे त्याचे आजचे किलो करून सांगणं धाडसाचं आहे. फौजेच्या बाबतीत 'लक्ष' हा आकडा पुष्कळदा 'अगणित' एवढंच सांगतो. मात्र हाच सभासद किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत कसे नेमले जात हे सांगतो तेव्हा कान देऊन ऐकावं. कारभाराची रीत त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. माझ्या मते बखरीचं खरं मोल अशा मजकुरात आहे.

आता शकावलीकडे येऊ. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली छापून उजेडात आणली. तिच्यात शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत. महाराजांचा जन्म तिनं शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला तो दिवस शके १५८१, विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. एकाच दिवसाच्या या चार-पाच खुणा एकमेकींच्या साक्षीदार आहेत. नक्कल करणाऱ्याच्या हातून एक चुकली तर बाकीच्या तिला पकडून देतात.

ही पडताळणी घरीही करता येते. शकात १२ मिळवा, ६० नं भागा. जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं संवत्सर. बाकी शून्य आली तर साठावं. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३, बाकी ३, आणि तिसरं संवत्सर शुक्ल. जुळलं. १५८१ ला बाकी ३३ येते, आणि तेहेतिसावं विकारी. तेही जुळलं. जुन्या कागदात १ आणि ९ यांची गफलत फार होते. ती बहुतेक वेळा या हिशेबात सापडते.

पुढची पायरी इंग्रजी साल काढण्याची. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि नेमकं तिथंच चुकतं. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी साल जानेवारीत. त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवायचे, आणि पौषात तिथी पाहून ठरवायचं. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवारची. ७८ मिळवले तर १७६० येईल. खरा दिवस १४ जानेवारी १७६१.

महाराजांच्या जन्मतिथीची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, ती जुन्या ज्युलियन पंचांगाची. इंग्रजांनी नवं ग्रेगोरियन पंचांग १७५२ साली घेतलं, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच. म्हणून सतराव्या शतकातल्या एकाच घटनेला गोव्याच्या पत्रात सुरतेच्या इंग्रजांपेक्षा दहा दिवस पुढची तारीख दिसते. दोन्ही बरोबर असतात. उत्तरेतून आलेल्या कागदात आणखी एक अडचण. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्या फाल्गुन वद्याला ते चैत्र वद्य म्हणतात. शुद्ध पक्षात मात्र फरक पडत नाही.

दफ्तरातल्या मोडी कागदांवर सालाची दुसरी तऱ्हा दिसेल : 'इहिदे सितैन मया व अलफ'. हा शुहूर सन. अरबी संख्याशब्द, एकक आधी : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ६०० मिळवून १७६१. वाचताना 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर, 'समान' म्हणजे आठ आणि 'समानीन' म्हणजे ऐंशी, हे नीट पाहा. शेवटचं अक्षर किड्यानं खाल्लं असेल तर साल साठ-सत्तर वर्षांनी सरकतं.

इतकं करूनही बखरीवर शेवटचा शब्द तत्कालीन पत्राचाच. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो वाईकडे सापडलेल्या पत्रांच्या जोरावर, आणि पानिपतच्या बखरी त्या पत्रांशी ताडून त्यांतले दोष दाखवले. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड एकामागून एक छापले. या दोघांच्या कष्टांना तोड नाही.

आपल्या गावाची शकावली आज लिहायची असेल तर हीच शिस्त पाळा. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, खूण सांगतात. ती खूण पक्क्या तारखेला बांधा. 'भूकंपाच्या आधी की नंतर?' असं विचारा : कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचा. मग बहात्तरचा दुष्काळ, २००५ आणि २०१९ चे कृष्णेचे महापूर. सांगली जिल्ह्यातल्या गावांनी ध्यानात ठेवावं की १९४९ ते १९६० या काळातल्या सरकारी कागदांवर जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' आहे. ते पाहून कागद साताऱ्याचा समजू नका.

नोंदवहीत पाच रकाने आखा : तारीख, वार, घटना, कुणी सांगितलं, आणि त्यानं ते स्वतः पाहिलं की ऐकलं. दोन माणसांनी दोन तारखा सांगितल्या तर दोन्ही लिहा, मधली काढू नका. खोडायचं झालं तर एक रेघ मारा, खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. घरात जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, असतील तर फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे कागद खातो. प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊ नका. घडी जोरानं उघडू नका. आधी दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न पडता, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि कागद ज्या क्रमानं बांधलेले होते तो क्रम लिहून ठेवूनच रुमाल सोडा.