बालमजुरीच्या कायद्याला पैशाचे पाठबळ हवे

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मजुरांच्या ठेकेदाराकडून, म्हणजे मुकादमाकडून, घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, असते कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. त्यांच्याबरोबर ट्रॉलीत बसून जाणाऱ्या मुलांची नोंद कुठेच नसते. दहा-अकरा वर्षांची मुलगी पहाटे कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते आणि ऊन चढल्यावर उसाच्या फडात जाऊन वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून त्यांच्या पेंढ्या बांधते. त्या पेंढ्या विकून घरच्या मीठमिरचीची सोय होते.

1986 चा बालकामगार कायदा 2016 साली कडक झाला. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा आता दखलपात्र गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद, 20 ते 50 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुटुंबाला हातभार लावण्याची सवलत आहे, पण ती शाळा सुटल्यानंतर किंवा सुटीच्या दिवसांत. जानेवारीतल्या शाळेच्या दिवशी सकाळी दहा वाजता फडात राबणारे मूल त्या सवलतीत बसत नाही.

मग हे मूल कायद्याच्या नजरेस का पडत नाही? माझ्या मते याचे उत्तर पैशात आहे. फडावर, वीटभट्टीवर किंवा हॉटेलात पाहणी करायची तर कामगार अधिकारी हवा, गाडी हवी, पोलिसांची साथ हवी. मुलाच्या वयाचा पुरावा नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि सोडवलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. पुढे खटला चालतो तेव्हा हंगाम संपलेला असतो, साक्षीदार आपल्या गावी परतलेले असतात आणि त्यांना शेकडो किलोमीटरवरच्या न्यायालयात नेण्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न उरतो. मूल बीडचे, फड सांगलीचा, कारखाना तिसऱ्याच तालुक्यातला. अशा वेळी खर्चाची जबाबदारी एक जिल्हा दुसऱ्यावर ढकलू शकतो.

कायद्यात पुनर्वसन निधी आहे. त्यात दंडाची रक्कम जमा होते आणि सरकार प्रत्येक मुलामागे 15 हजार रुपयांची भर घालते. पण हा निधी दंडावर उभा, दंड खटल्यावर, खटला पाहणीवर आणि पाहणी गाडीच्या डिझेलवर. पहिल्याच पायरीला पैसा नसेल तर मुलांच्या हाती शेवटी काहीच पडत नाही.

उचल फेडायला जाणाऱ्या आईबापांना मी दोष देणार नाही. गावात आजी थकलेली, मागे जेवायला घालणारे कोणी नाही, मग मुलाला ठेवायचे कुठे? त्यासाठीच हंगामी वसतिगृहे आहेत. मात्र त्यांचे अनुदान दसऱ्याच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पडले तरच त्याचा उपयोग. डिसेंबरात आलेल्या पैशाने फडावर गेलेले मूल परत येत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. ज्या जिल्ह्यातून मजूर जातात आणि ज्या जिल्ह्यात ते पोचतात, त्या दोन्हींच्या वार्षिक योजनेत बालमजुरीविरोधी पाहणी, वाहतूक आणि साक्षीदारांचा प्रवास यांसाठी वेगळी तरतूद हवी. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या उसावर टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले आहे. त्यातला काही वाटा या कामाला देण्यात गैर काही नाही.

जिल्हा नियोजन समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि तिथे आपण निवडून दिलेले सदस्य असतात. आपल्या ग्रामसभेने सप्टेंबरातच तसा ठराव करून, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या यादीसह तो समितीकडे पाठवावा. यादी करणे अवघड नाही, कारण मागच्या हंगामात दिवाळीनंतर कोणती मुले शाळेत आली नाहीत हे गावातल्या शिक्षकांना नावानिशी माहीत असते.