आगोटीच्या तोंडावरचा म्हापशाचा शुक्रवार

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या घरांत एकच बोलणे सुरू होते: पाऊस कधी येणार, आणि तो येण्याआधी घरात काय काय भरून ठेवायचे राहिले आहे. सिंधुदुर्गात या तयारीला आगोटीची बेगमी म्हणतात, गोव्यात पुरुमेंत म्हणतात. दक्षिण गोव्यात त्यासाठी मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची जत्रा आहे, आणि उत्तर गोव्यातल्या माणसाची पावले बार्देस तालुक्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराकडे वळतात. या बाजाराबद्दल आज बोलायचे आहे, आणि ते बोलताना एका प्रश्नाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. समोर बसलेल्या माणसाने ती वस्तू स्वतः पिकवली आहे की कुणाची तरी आणून विकली आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे?

अशाच एका शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास मी तिथे पोहोचले, तेव्हा आभाळ भरून आले होते आणि अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. शिवोली, हळदोणे, मयडे, आसगाव, पेडणे, हरमल अशा गावांतून आलेल्या बायका गोणपाट पसरून बसत होत्या; दोडामार्ग आणि सावंतवाडीकडून सकाळच्या गाड्यांनी आलेल्यांची मालवणी त्यांच्या कोंकणीत मिसळत होती. बाजाराची पक्की इमारत ओळीओळींची आहे. केळ्यांची ओळ वेगळी, फुलांची वेगळी, चोरीसच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा टांगलेली ओळ वेगळी. तिथे रोजचे दुकानदार असतात. स्वतः पिकवून आणणारी बाई बहुधा या ओळींच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला किंवा दोन दुकानांच्या मधल्या वाटेत बसते, पालिकेचा सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, भरून पावती कनवटीला लावते, आणि माल संपला की दुपारच्या आत घरी जाते.

या दिवसांत सर्वांत आधी डोळ्यांत भरतात त्या मिरच्या. भातकापणीनंतर शेतात घेतलेली मिरची उन्हात वाळून आता विक्रीला आलेली असते. हरमलची आणि काणकोणकडच्या खोलची मिरची नावाजलेली आहे, दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण मानांकन नावाला मिळते, ढिगाला नाही. बाजारात कर्नाटकातली ब्याडगीही रास घालून असते, आणि तिचा लालभडक रंग नवख्या माणसाला सहज भुलवतो. ब्याडगी रंगाची, तिखटाला बेताची. गावठी मिरची आखूड, कमी देखणी आणि तोंड पोळवणारी. भाव गावठीचा बराच चढा. मी जिच्याकडून मिरची घेतली तिच्या ढिगात फिकट, सुरकुतलेल्या, देठ तुटलेल्या मिरच्या चांगल्यांच्या बरोबरीने होत्या, आणि तिने त्या लपवल्याही नव्हत्या. “घरचेंच, बाये,” एवढेच ती म्हणाली. एकाच शेतातला, निवड न केलेला माल असाच असतो.

मिरचीच्या शेजारी मीठ. हडफडे, नेरूळ, पेडण्यातला आगरवाडा या भागांतल्या मिठागरांचे जाड, करडे मीठ पावसाआधी विकले जाते, कारण पहिल्या सरीबरोबर मिठागरांचे काम थांबते. गिऱ्हाईक ते फक्त लोणच्यासाठी नेत नाही. माडाच्या मुळाशी पावसाच्या तोंडावर मीठ घालण्याची रीत या सबंध किनाऱ्यावर आहे, त्यामुळे ज्याच्या परसात चार माड आहेत तो पिशवी नव्हे, गोण उचलतो.

पण मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटतो तो कोकमापाशी. गोव्यात फळाला भिरंड म्हणतात आणि वाळवलेल्या सालीला सोलां. देशावर त्यालाच आपण आमसूल म्हणतो. फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते. ते फोडून बी आणि गर वेगळा काढायचा, साल उन्हात घालायची, गराच्या रसात मीठ घालून त्या रसात वाळलेली साल पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची, आणि हे असे पुटावर पूट देत राहायचे. किती पुटे दिली यावर कोकमाचा काळसर जांभळा रंग, मऊपणा आणि आंबटपणा ठरतो. घाई केली की साल कोरडी आणि चिवट राहते, किंवा मिठानेच जड होते. वजनावर विकणाऱ्याला ते परवडते, आमटीला परवडत नाही. उरलेल्या खारट रसाचे आगळ बाटल्यांत भरून त्याच बाईपुढे मांडलेले असते, आणि बियांपासून काढलेल्या भिरंडेलाचे पांढरट गोळे, टाचांच्या भेगांवर लावायला. एका फळाचे काहीही वाया न घालवता चार जिन्नस करणारी बाई त्या फळाविषयी बोलायला बसली की मागे उभे असलेले गिऱ्हाईक कंटाळते. तिला विचारा की किती ऊन दिले, कितव्या पुटाचे आहे, झाड घरचे की शेजारचे, आणि ती थांबणार नाही. हाच प्रश्न आणून विकणाऱ्याला विचारला तर तो “एक नंबर माल” असे म्हणून तराजू उचलतो.

इतर जिन्नसही याच घडणीचे आहेत. लाल मातीत घोळवून वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या, मिठाच्या पाण्यात घातलेले कोवळे आंबे, ज्यांना इथे चेपणीचे तोर म्हणतात, पातीसकट विणलेल्या लहान लाल कांद्यांच्या माळा, चिंचेचे गोळे, सुरेपासून, म्हणजे माडाच्या ताडीपासून, केलेला काळा माडाचा गूळ आणि त्याच सुरेचा शिर्का. माडावर चढणारे रेंदेर कमी होत चालल्यामुळे गूळ आणि शिर्का आता पूर्वीइतके मिळत नाहीत. उकड्या तांदळात खाजण जमिनीतला कोरगुट तांदूळ कधी कधी दिसतो. ही खाजणे म्हणजे खाडीचे पाणी बांध आणि मानशी, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारे, घालून अडवलेली शेते. तिथे टिकणारा तांदूळ खारे पाणी सोसतो. तो भरडा असतो, आणि नाजूक तांदळाची सवय झालेल्या तोंडाला लगेच रुचत नाही. पेजेसाठी मात्र त्याला तोड नाही असे माझे मत आहे.

सुक्या मासळीची गोष्ट वेगळी. १ जून ते ३१ जुलै या काळात गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्या दोन महिन्यांची तजवीज या बाजारात होते. सुके बांगडे, बोंबील, मोरी माशाचे तुकडे, सुकी सुंगटां म्हणजे कोळंबी, आणि जवळा, ज्याला इथे गलमो म्हणतात. तो मुठीत घेऊन चोळायचा आणि तळहातावर वाळू किती राहते ते पाहायचे, ही परीक्षा कोणत्याही गिऱ्हाइकाला करू दिली जाते आणि ती केल्याशिवाय घेऊ नये.

आंब्यांकडे वळण्याआधी एक खुलासा करायला हवा. शेतकऱ्याकडून थेट घेतले की स्वस्त पडते, अशी एक समजूत शहरात घट्ट बसली आहे. सरकारी योजनांनीही ती वाढवली. पंजाबात १९८७ साली अपनी मंडी सुरू झाली, १९९९ साली आंध्र प्रदेशात रयतु बाजार आणि तामिळनाडूत उळवर संदै आले, महाराष्ट्राने २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि पुण्यामुंबईत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. मधला माणूस काढला की उत्पादकाला जास्त आणि ग्राहकाला कमी, हे त्यांचे गणित मोठ्या शेतीच्या मुलखात काही अंशी जमते. गोव्यात ते जमत नाही. इथली बरीचशी भाजी बेळगावहून येते, राज्याचे फलोत्पादन महामंडळ ती आपल्या गाड्यांवरून सवलतीच्या दरात विकते, आणि त्या दरापुढे चार गुंठ्यांत घाम गाळणाऱ्या बाईची वांगी महागच असणार. तेव्हा स्वस्ताईसाठी म्हापशाला जाऊ नये. जायचे ते त्या मालासाठी, जो बेळगावहून येतच नाही.

आणि म्हणूनच उत्पादक ओळखण्याला महत्त्व आहे. माझी खूण साधी आहे. मे महिन्यात जिच्यापुढे कोबी, ढोबळी मिरची, गाजर आणि टोमॅटो असे सगळे एकसारख्या आकाराचे मांडलेले आहे, तिने ते घाऊक बाजारातून आणलेले आहे. त्यात काही गैर नाही. तिचेही पोट त्यावर चालते आणि पहाटे उठून ओझी तीही वाहते. पण जिच्यापुढे दोन फणस, वाटे करून ठेवलेली थोडी तांबडी भाजी, एक मयड्याच्या केळ्यांचा घड आणि परडीभर भिरंडे आहेत, म्हणजे ज्यांचा एकमेकांशी घरच्या परसाखेरीज दुसरा संबंध नाही अशा वस्तू आहेत, ती स्वतःचे विकायला आलेली आहे. तिच्याकडे सुटे पैसे नसतात, बहुतेकदा वजनकाटाही नसतो. वाट्याचा भाव ती एकदाच सांगते. तिथे घासाघीस करणे मला प्रशस्त वाटत नाही. मोठ्या दुकानात छापील किंमत निमूटपणे मोजणारी माणसे इथे दहा रुपयांसाठी पाच मिनिटे उभी राहतात, हे पाहिले की चीड येते.

आंब्यांतही हाच भेद आहे. मानकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामाच्या आरंभी त्याचा डझन हजारांच्या घरात असतो, आणि मेअखेरीला तोच आंबा सामान्य माणसाच्या हाताशी येतो. त्याच्या मागोमाग मुसराद येतो, जो कापून खाण्यापेक्षा मांगाड, म्हणजे आंब्याचा मुरंबा, करण्यासाठी नेतात. घरच्या झाडाचे आंबे विकणारी बाई तुम्हाला आज खायचे, परवा खायचे आणि चार दिवसांनी खायचे असे तीन ढीग करून देते.

उत्पादक बाजारात असण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या सहसा लक्षात येत नाही: बियाणे. मनोहर पर्रीकर मूळचे म्हापशाजवळच्या पर्रा गावचे. ते आपल्या लहानपणची जी गोष्ट सांगत, ती अनेकांनी ऐकली असेल. पर्रा कलिंगडांसाठी प्रसिद्ध होते. हंगामाच्या शेवटी तिथला शेतकरी मुलांना हवी तेवढी कलिंगडे खायला बोलावी. अट एकच, बी चावायचे नाही, भांड्यात टाकायचे. खायला देई ती सर्वांत मोठी फळे, कारण पुढच्या वर्षीचे बी त्यांतूनच धरायचे असे. पुढच्या पिढीने मोठी फळे बाजारात नेली आणि मुलांना लहान दिली, आणि काही वर्षांतच पर्राचे कलिंगड खुजे होत गेले. कलिंगडात परागीभवन दुसऱ्या वेलाकडूनही होते, त्यामुळे एका मोठ्या फळाच्या बियांतून मोठेच फळ येईल अशी हमी नसते. पण वर्षानुवर्षे चाललेली निवड थांबली की वाण ढासळते, एवढे त्या गोष्टीतले तथ्य पक्के आहे. मेअखेरीच्या बाजारात राखेत घोळवलेले दोडक्याचे, तवशाचे म्हणजे काकडीचे, आणि भेंडीचे बी कागदाच्या पुडीत बांधून विकणाऱ्या बायका असतात. सांत इस्तेव बेटावरची सात शिरांची लांब भेंडी पावसाळ्यात जी खायला मिळते, तिचे बी असेच कुणीतरी चांगली भेंडी न विकता झाडावर जून होऊ देऊन राखलेले असते. पुडी घेताना एवढे जरूर विचारावे की बी कोणत्या फळाचे धरले आहे, पहिल्या बहराचे की शेवटच्या.

आता पावसाविषयी. या बाजारातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस उन्हावर तयार होतो, म्हणून त्याचे वेळापत्रक आभाळाच्या हाती आहे. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आला, दुसऱ्या दिवशी गोव्यात पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. एरवी मुंबईत तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित असतो. मेच्या शेवटच्या शुक्रवारवर भिस्त ठेवणाऱ्यांचा त्या वर्षी सपशेल हिरमोड झाला असणार, कारण ऐन वाळवणाच्या दिवसांत ओलावा आला की कोकमाला शेवटचे पूट मिळत नाही आणि मासळीला वास येतो.

म्हणून ज्यांना पुरुमेंत करायचे आहे त्यांनी मिरची, मीठ आणि सुकी मासळी एप्रिलअखेरीपासूनच थोडी थोडी घ्यावी. कोकम मेच्या मध्यावर घ्यावे, कारण त्याआधी नवा माल पुरेसा वाळलेला नसतो आणि जुना गेल्या वर्षीचा निघण्याची शक्यता असते. मुसरादासाठी आणि बियाण्यासाठी मात्र शेवटच्या शुक्रवारपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही. जाताना सुटे पैसे आणि कापडी पिशव्या न्याव्यात, आणि नऊच्या आत पोहोचावे. त्यानंतर उरतात ते बहुतेक आणून विकणारे.

नमस्कार.