फैजपूरचा अडकलेला झेंडा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या यावल-रावेरकडे एक काळ असा होता, की साठीच्या पुढचा कुणीही म्हातारा पारावर बसला की पंधरा मिनिटांत फैजपूरला पोचायचा. म्हणजे पायी नव्हे, गोष्टीत. १९३६ सालचा डिसेंबर, काँग्रेसचं अधिवेशन, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. काँग्रेसचं हे खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. ते खानदेशात भरावं म्हणून धनाजी नाना चौधरींसारखी माणसं राबली. साने गुरुजी गावोगाव हिंडले. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया अशा इथल्याच जिनसांतून ‘टिळकनगर’ उभं केलं.

माझे आजोबा तेव्हा बावीस वर्षांचे. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून गाडीबैलानं गेले. नेहरूंचं भाषण त्यांना कितपत कळलं, देव जाणे. आम्ही विचारलं की म्हणायचे, “हिंदी होतं, पन आवाज गोड होता.” त्यांच्या लक्षात राहिला तो झेंडा. नेहरूंनी दोरी ओढली, झेंडा अर्ध्यावर जाऊन अडकला. वरही जाईना, खालीही येईना. सगळं मैदान माना वर करून बघत राहिलं. तेवढ्यात शिरपूरकडचा एक जवान पोरगा खांबावर सरसर चढला आणि त्यानं गुंता सोडवला. आजोबा हे सांगताना स्वतः उभे राहायचे आणि हातानं खांब धरल्यासारखं करायचे.

आज मी नेहरूंवर बोलायला बसलो आहे ते या झेंड्यामुळेच. त्यांनी आपल्याला वर बघायला शिकवलं, हे त्यांचं मोठं देणं. आपण नुसतेच वर बघत उभे राहिलो, हीही त्याच शिकवणीची दुसरी बाजू. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्यात.

आधी देणं. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. सतरा कोटींवर मतदार, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. तरी जमीन, शिक्षण, जात काहीही न विचारता प्रत्येकाला एक मत. पुष्कळ शहाण्या माणसांना हा जुगार वाटत होता. आमच्या आजीचा किस्सा सांगतो. यादी करायला माणूस दारात आला आणि नाव विचारलं, तर ही गप्प. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? म्हणाली, “लिहा, अमक्याची बायको.” देशभरात अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत घेताच आली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको चालणार नाही, हा नियम होता. आजोबा ओरडले तेव्हा आजीनं दाराआडून नाव सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला तिनं आपलं नाव सांगितलं ते आयुष्यात पहिल्यांदा. पुढे तिनं एकही मतदान चुकवलं नाही. बैलजोडी गेली, गायवासरू गेलं, पंजा आला, आणखी काय काय आलं. ही आपली नऊवारी नेसून रांगेत. मतदानाच्या रांगेत उभं राहणं हा भारतीय माणसाचा स्वभाव झाला. तो आपोआप झालेला नाही. आपल्याबरोबर स्वतंत्र झालेल्या किती देशांत तो टिकला, ते बघा.

आता दुसरी बाजू. १९५० च्या राज्यघटनेनं दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा, असं सांगितलं. दहा वर्षं गेली. खरगपूरला आयआयटी उभी राहिली १९५१ साली, मुंबईची १९५८ साली. दोन्ही उत्तम. पण खेड्यातल्या पहिलीच्या वर्गाला मात्र छप्पर मिळेना. याला आपल्याकडे ‘आधी कळस मग पाया’ म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं काढली. पावसाळ्यात फळ्याखाली बादली ठेवून शिकवलंय. त्याच गावातले पालक दोन एकर केळी गहाण टाकून पोराला कोट्याला पाठवायचे. गळक्या छपराबद्दल ग्रामसभेत ब्र काढायचे नाहीत. वरचं एक पोरगं आयआयटीत गेलं की गावाचं नाव झालं. खालची चाळीस पोरं चौथीत वाचू शकत नाहीत, त्याचं कुणाला काय? हा दोष एकट्या नेहरूंचा म्हणणं लबाडीचं होईल. पण प्राधान्य कशाला द्यायचं याचं वळण तेव्हा पडलं आणि आपल्याला ते मनापासून आवडलं, हेही खरं.

धरणांचं तसंच. ५ एप्रिल १९६१ रोजी नेहरूंनी गुजरातेत नवागामला नर्मदेवरच्या धरणाची, म्हणजे आजच्या सरदार सरोवराची, पायाभरणी केली. तेव्हाचं धरण बुटकं होतं, १६२ फुटांचं. उंची वाढली ती नंतर. मग राज्याराज्यांत भांडणं, लवाद, १९७९ चा निवाडा. त्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला पाणी आलं पाव दशलक्ष एकरफूट आणि वीज २७ टक्के. बुडाली मात्र आपल्या सातपुड्यातली अक्कलकुवा आणि धडगावकडची ३३ गावं. त्यातल्या मणिबेलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. धरणाचं लोकार्पण झालं २०१७ साली. कोनशिला बसल्यापासून छप्पन्न वर्षांनी!

मी काही वर्षं तळोद्याकडे नोकरीला होतो. शाळेशेजारीच नर्मदाकाठावरून उठवून आणलेल्यांची वसाहत. तिथले एक आबा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. एकदा म्हणाले, “गुरुजी, पंचनाम्यात माझ्या घराचे खांब मोजले, कौलं मोजली. मोहाची झाडं नाही मोजली.” का, म्हटलं. “ती सरकारी जंगलातली ना.” मग बोटांवर त्यांनी एकेक झाड सांगितलं. नाल्याजवळचं, दोन खोडांचं, वीज पडलेलं, बायकोच्या माहेरच्या वाटेवरचं. सोळा झाली. फुलं, टोळंबी, तेल, चैत्रात हाताशी येणारे चार पैसे, सगळं त्यांत होतं आणि कागदावर काहीच नव्हतं. नव्या वसाहतीत नळ होता, हेही मी पाहिलंय. आबा त्या नळाबद्दल वाईट बोलत नसत.

आणि गंमत अशी की हा धोका नेहरूंना दिसला होता. १९५८ च्या नोव्हेंबरात पाटबंधारे आणि विजेच्या इंजिनिअरांपुढे बोलताना त्यांनीच सांगितलं, की आपल्याला प्रचंडपणाचा रोग जडतोय. मोठं करून दाखवायचं म्हणून मोठं करू नका, छोट्या कामांनी जास्त माणसांचं भलं होतं. तरी अडीच वर्षांनी ते नवागामला कोनशिलेपाशी उभे होतेच.

हा माणूस असाच. फैजपूरच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या नावानं एक लेख आला. जवाहरलालपासून सावध राहा, याच्यात हुकूमशहा व्हायचा ऐवज आहे, याला लागोपाठ तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नका, असं त्यात लिहिलं होतं. लोक चिडले. लिहिणारे खुद्द नेहरूच होते. स्वतःवर असा पहारा बसवणारा पुढारी मला तरी दुसरा माहीत नाही. पण पहारेकऱ्यालाही डुलकी लागते. १९५९ साली केरळातलं निवडून आलेलं सरकार त्यांच्याच राजवटीत बरखास्त झालं. आणि पंतप्रधान म्हणून ते मरेपर्यंत, म्हणजे २७ मे १९६४ पर्यंत, जवळजवळ सतरा वर्षं राहिले. (चीनचं मी आज बोलत नाही. त्याचे तज्ज्ञ प्रत्येक पानटपरीवर उभे आहेत.)

आपण त्यांच्यातलं काय उचललं? जाकीट उचललं, गुलाब उचलला, कोनशिला तर फारच उचलल्या. स्वतःविरुद्ध टोपणनावानं लेख लिहायची खोड मात्र कुणी उचलली नाही. पूर्वी चौदा नोव्हेंबरला आम्ही मुलांकडून ‘चाचा नेहरू’ घोकून घ्यायचो. आता माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी त्याच माणसाच्या नावानं शिव्या येतात. पाठ करून घेतलेली भक्ती अशीच उलटते. तेव्हा प्रश्न विचारायला मीही शिकवलं नाही, त्यामुळे ग्रुपवर मी गप्प असतो.

जाता जाता झेंड्याचं राहिलं. आजोबा गेले त्या वर्षी दिवाळीत मी आजीला म्हटलं, “आजोबांनी काय काय पाहिलं गं! तो झेंडा, तो खांबावर चढणारा पोरगा...” आजी वांगी भाजत होती. चुलीकडून मान न वळवता म्हणाली, “ते कुठी होते तठी? ते त बैलाले पानी पाजाले गेलते. आले तवा झेंडा वरच होता.”