डाव्या हातातला चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

१ जानेवारी २००७ची रात्र. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून ग्लेनडेल नावाचं गाव आहे. तिथल्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसं उभी राहून फलकाकडे बघताहेत. ओक्लाहोमा ४२, बॉइसी स्टेट ४१. सामना जादा वेळेत गेलाय. बॉइसीनं आत्ताच टचडाउन केलाय आणि आता फक्त एक साधी किक मारायची आहे. चेंडू दोन खांबांमधून गेला की बरोबरी, आणि खेळ पुढे चालू. ही किक सहसा कुणी चुकत नाही.

पण बॉइसीचे प्रशिक्षक ख्रिस पीटरसन किक मारणाऱ्याला मैदानात पाठवतच नाहीत.

त्यांनी असं का केलं, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. हा अमेरिकन फुटबॉल, आणि हे दोन्ही कॉलेजांचे संघ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. इथे लांबोळका चेंडू हातात धरून पळायचं असतं. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्यांना. पलीकडच्या रेषेपार चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यावर किक मारून एक गुण मिळवता येतो. किंवा छाती असेल तर तीन यार्डांवरून चेंडू पुन्हा एकदा आत न्यायचा, त्याचे दोन गुण. फसलं तर काहीच नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आणि हा होता एक 'बोल' सामना. बोल, म्हणजे इंग्रजीत वाडगा. हंगाम संपल्यावर निवडक कॉलेज संघांमध्ये होणाऱ्या मानाच्या सामन्यांचं हे नाव. पहिला १९०२ साली कॅलिफोर्नियात पॅसडिना इथे झाला. पुढे तिथे वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम बांधलं आणि ते नाव अशा सगळ्याच सामन्यांना चिकटलं. ग्लेनडेलला चालला होता तो फिएस्टा बोल, १९७१पासूनचा.

सगळ्यात वरच्या बोल सामन्यांची व्यवस्था त्या काळात जुन्या पंगतीसारखी होती. संघांचे सहा मोठे गट, त्यांच्या विजेत्यांची पानं आधीच मांडलेली. बाकीच्या गटांतल्या संघानं वर्षभर एकही सामना गमावला नाही, तरी तो बहुतेक वेळा दारातच उभा. २००६च्या हंगामात हा नियम जरा सैल केला होता. लहान गटाचा विजेता देशाच्या क्रमवारीत पहिल्या बारांत आला, तर त्यालाही पान मांडायचं. बॉइसी स्टेट बारापैकी बारा सामने जिंकून आठव्या क्रमांकावर होतं, म्हणून आत आलं. दोन वर्षांपूर्वी युटाचा संघ असाच येऊन जिंकून गेला होता. पण युटासमोर ओक्लाहोमा नव्हतं.

ओक्लाहोमा म्हणजे या खेळातलं जुनं घराणं. तोवर सात वेळा राष्ट्रीय विजेते. १९५३ ते १९५७ या काळात त्यांनी ओळीनं ४७ सामने जिंकले होते. आणि बॉइसी? आयडाहो राज्याची राजधानी. आयडाहो म्हटलं की अमेरिकेत लोकांना बटाटे आठवतात. तिथलं हे विद्यापीठ १९३२ साली दोन वर्षांचं छोटं कॉलेज म्हणून सुरू झालं, विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९७४ला, आणि फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत ते आलं १९९६ साली, म्हणजे या सामन्याच्या अवघी दहा वर्षं आधी. त्यांचं मैदान तर निळं आहे. खरोखर निळं, शाईसारखं. १९८६ साली त्यांनी हिरव्याऐवजी निळं कृत्रिम गवत अंथरलं, आणि देशभर त्याची टिंगल झाली.

ख्रिस पीटरसन बेचाळीस वर्षांचे, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. चेंडू फेकणारा, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो जॅरेड झब्रान्स्की. या मुलाची एक जखम सांगायलाच हवी. २००५च्या पहिल्याच सामन्यात जॉर्जियाच्या बलाढ्य संघासमोर त्यानं पहिल्या अर्ध्या भागातच सहा वेळा चेंडू गमावला. संघ ४८-१३नं हरला. लहान गटातली पोरं मोठ्यांसमोर अशीच कोसळतात, असं म्हणायला लोकांना उदाहरण मिळालं. ते उदाहरण पाठीवर घेऊनच तो ग्लेनडेलला उतरला होता.

आणि चेंडू घेऊन पळणारा इयन जॉन्सन. त्या हंगामात पळून केलेले सर्वाधिक टचडाउन त्याच्या नावावर, तब्बल पंचवीस. हा गडी फावल्या वेळात क्रोशाच्या सुईनं लोकरीच्या टोप्या विणायचा. मला हे फार आवडतं. धिप्पाड अंगाच्या माणसांना धडका देणारे हात, आणि त्याच हातांत लोकरीचा गुंडा.

हा सामना मी त्या दिवशी पाहिला नव्हता. आपल्याकडे तेव्हा २ जानेवारीची सकाळ उजाडली होती. बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत शिकून आलेल्या माझ्या भाच्यानं मला त्याचं चित्रीकरण दाखवलं. शेजारी बसून एकेक गोष्ट समजावून सांगत होता.

बॉइसीनं सुरुवातीलाच १४-० अशी आघाडी घेतली. मध्यंतराला २१-१०, आणि त्यानंतर थोड्याच वेळात २८-१०. मला वाटलं, झालं, एवढंच दाखवायला बसवलंय का यानं मला? पण ओक्लाहोमा ते ओक्लाहोमा. हळूहळू त्यांनी एकेक पायरी चढत आणलं आणि एक मिनिट सव्वीस सेकंद उरले असताना २८-२८ केलं. मग बॉइसीच्या पुढच्याच चालीत झब्रान्स्कीनं फेकलेला चेंडू ओक्लाहोमाच्या मार्कस वॉकरनं मधल्यामध्ये उचलला आणि थेट रेषेपार नेला. ३५-२८. घड्याळात एक मिनिट दोन सेकंद.

जॉर्जियाच्या सामन्यातलं तेच भूत पुन्हा समोर उभं. झब्रान्स्कीचा त्या क्षणीचा चेहरा मला बघवेना. मी चहा टाकायला उठलो. भाचा म्हणाला, "मामा, चहा नंतर. आता उठू नकोस."

अठरा सेकंद उरले. चेंडू मैदानाच्या बरोबर मध्यावर. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि हवे होते अठरा यार्ड. अशा वेळी सगळे करतात ती गोष्ट म्हणजे चेंडू लांबवर भिरकावायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. बॉइसीनं तसं केलं नाही. झब्रान्स्कीनं साधारण पंधरा यार्डांवर ड्रिसन जेम्सकडे चेंडू फेकला. पंधरा यार्डांनी भागणार नव्हतं, आणि ओक्लाहोमाचे खेळाडू जेम्सला घेरायला धावले. तेवढ्यात उलट्या दिशेनं जेरार्ड रॅब पळत आला, आणि जेम्सनं जाता जाता चेंडू त्याच्या हातात सोडला. सगळे जेम्सवर तुटून पडलेले, आणि रॅब मोकळ्या मैदानातून पस्तीस यार्ड पळत जाऊन रेषेपार झेपावला. सात सेकंद शिल्लक. किक बसली. ३५-३५.

या चालीला त्यांच्या वहीत नाव होतं, 'सर्कस'. हा चमत्कार होता असं कुणी म्हटलं की मला ते खटकतं. नाव दिलेली, पाठ केलेली, नेमक्या वेळेसाठी जपून ठेवलेली गोष्ट चमत्कार कशी असेल? जेम्सनं मागे वळून पाहिलंही नसतं तरी रॅब तिथे असणार होता, कारण तो तिथे असण्याची तालीम झालेली होती.

मग जादा वेळ. कॉलेज फुटबॉलमध्ये दोन्ही संघांना आळीपाळीनं पंचवीस यार्डांवरून चेंडू देतात. आधी ओक्लाहोमा. त्यांचा पळणारा खेळाडू एड्रियन पीटरसन. आडनाव ऐकायला बॉइसीच्या प्रशिक्षकांसारखंच आहे, म्हणून मी याला एड्रियन म्हणतो. ऑक्टोबरमध्ये त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याचे वडील अनेक वर्षं तुरुंगात होते. सुटून आल्यावर मुलाचा कॉलेजातला खेळ त्यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला, नेमका हाड मोडलं त्याच दिवशी. अडीच महिन्यांनी या सामन्यात तो परतला होता. जादा वेळेतल्या पहिल्याच चालीत एड्रियन चेंडू घेऊन निघाला आणि पंचवीसच्या पंचवीस यार्ड पळून आत. त्याला कुणी धरूच शकलं नाही. ४२-३५. पुढे हा माणूस व्यावसायिक फुटबॉलमधल्या सर्वोत्तम पळणाऱ्यांपैकी एक ठरला, आणि एका सामन्यात २९६ यार्ड पळण्याचा विक्रम त्यानं त्याच वर्षी केला. समोर कोण होतं हे कळावं म्हणून सांगतो.

बॉइसीची पाळी. पुन्हा चौथ्या प्रयत्नापर्यंत वेळ आली. झब्रान्स्की चाल सुरू व्हायच्या आतच बाजूला सरकला, चेंडू थेट विनी पेरेटाच्या हातात आला. याचं काम चेंडू झेलण्याचं. तो उजवीकडे पळाला, आणि पळता पळता त्यानंच चेंडू फेकला. डेरेक शौमननं तो रेषेपार झेलला. ४२-४१.

इथे आपण सुरुवातीच्या त्या क्षणाशी आलो. एक किक, बरोबरी, आणि खेळ पुढे चालू.

कुस्तीचा आखाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. वजनानं हलक्या मल्लानं खडाखडी लांबवली की दम आधी त्याचाच उखडतो. अंगावर अंग पडत राहिलं की भारी मल्ल जड होत जातो. हलक्याला डाव टाकायचा तो दम आहे तोवरच. बरोबरी केली असती, तर पुन्हा पंचवीस यार्ड, पुन्हा ओक्लाहोमाची ती अवजड फळी, पुन्हा एड्रियन. बॉइसीची पोरं दमलेली होती. सामना जितका लांबेल तितका तो ओक्लाहोमाचा होत जाणार, हे पीटरसन ओळखून होते. लोक याला धाडस म्हणतात. मला त्यात धाडसापेक्षा हिशेब जास्त दिसतो, आणि त्या हिशेबाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. आमंत्रणावर समाधान मानून सन्मानानं हरण्याची उत्तम सोय समोर असताना त्यांनी सगळं एका चालीवर लावलं.

त्या चालीचं नाव 'स्टॅच्यू'. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून. पुतळ्याचा उजवा हात मशाल धरून वर गेलेला असतो ना, तसा क्वार्टरबॅकचा हात वर जातो. डाव जुनाट, पोराटोरांच्या खेळातला. बॉइसीचे तीन खेळाडू उजवीकडे उभे. झब्रान्स्कीनं चेंडू घेतला, उजवीकडे पाहिलं, हात वर केला आणि जोरात फेकला. ओक्लाहोमाचे खेळाडू उजवीकडे वळले. इयन जॉन्सन मात्र डावीकडे पळाला आणि कुणाचा हातही न लागता आत गेला. ४३-४२.

भाच्यानं चित्र थांबवलं. "चेंडू कुठे होता, दिसला तुला?" मला दिसला नव्हता. त्यानं मागे नेऊन पुन्हा दाखवलं. तरी दिसला नाही.

जॉन्सननं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. थोड्या वेळानं दूरचित्रवाणीची मुलाखत चालू असताना तो मैदानातच एका गुडघ्यावर बसला आणि संघाच्या चिअरलीडर्सची प्रमुख असलेल्या आपल्या मैत्रिणीला त्यानं लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. सगळ्या देशानं ते पाहिलं. जॉन्सन कृष्णवर्णीय, ती गोरी. लग्नाआधी द्वेषानं भरलेली पत्रं आणि धमक्या आल्याचं पुढे जॉन्सननंच सांगितलं. त्या उन्हाळ्यात दोघांनी बॉइसीत लग्न केलं.

आणि पंगतीचं काय झालं? आठवड्याभरानं राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटला फ्लोरिडानं ४१-१४ असं हरवलं. म्हणजे त्या हंगामात एकही सामना न हरलेला संघ देशात एकच उरला, बॉइसी स्टेट. तेरापैकी तेरा. आणि अखेरच्या क्रमवारीत पत्रकारांनी त्यांना कितवं ठेवलं? पाचवं. विजेतेपदासाठी खेळण्याची संधीच ज्यांना मिळाली नाही, त्यांनी आणखी कुणाला हरवायचं होतं? मला हे आजही टोचतं.

त्या व्यवस्थेच्या जागी चार संघांची बाद फेरी यायला २०१४चा हंगाम उजाडला, आणि २०२४पासून संघ बारा झाले. त्या पहिल्या बारांत बॉइसी स्टेट होतं, तिसरं मानांकन घेऊन. ३१ डिसेंबर २०२४ला ते खेळले तो फिएस्टा बोलच, ग्लेनडेलच्या त्याच स्टेडियममध्ये. पेन स्टेटनं त्यांना ३१-१४ असं हरवलं.

श्रोतेहो, ४३-४२च्या त्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर अवश्य पाहा. शेवटच्या चालीला तुमची नजर झब्रान्स्कीच्या वर गेलेल्या उजव्या हाताकडे जाईल. अकरा जणांची गेली, माझी दोनदा गेली. तो हात रिकामा आहे. डावा हात पाठीमागे आहे, कमरेपाशी, तळवा जरासा उघडा, आणि चेंडू तिथे आहे. मागून जॉन्सन येईपर्यंत तो हात अजिबात हलत नाही.

नमस्कार.