दोन तासांची कॉइल, पाच मिनिटांची कॉइल

(पडद्यावर: स्वयंपाकघरातलं टेबल, रात्र. ड्रिल, तारेची रिळं, चिमटा, टेबललॅम्प.)

हा जो घुर्रर्र आवाज येतोय ना तो ड्रिलचाच आहे, पण भिंतीला भोक नाही पाडत कोणी. ड्रिलच्या तोंडात तीन तारा एकत्र अडकवल्यात, त्यांचं दुसरं टोक बांधलंय एका फिरकीला, मासे पकडायच्या गळाला लावतात ती बेअरिंगवाली छोटी फिरकी, आणि मी हातात धरलीये 38 गेजची तार, म्हणजे 0.1 मिलिमीटर, जवळजवळ केसाएवढी. ड्रिल फिरतं, तीन तारा फिरतात आणि ही बारीक तार त्यांच्यावर गुंडाळत जाते, वेढ्याला वेढा चिकटून. मधे एक वेढा जरी दुसऱ्यावर चढला तरी तिथे गाठ दिसते आणि मग ते सगळं कापून पहिल्यापासून.

मी लेस्टरला राहतो, इंग्लंडमध्ये. मूळचा जयसिंगपूरचा. चौदा वर्षं सिगरेट ओढली, 2017 ला सोडली आणि तेव्हापासून व्हेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर आहे. दुकानातली तयार कॉइल वापरता वापरता स्वतः कॉइल बनवायला लागलो, मग तिचं वेड लागलं, मग संध्याकाळच्या संध्याकाळ या टेबलावर गेल्या. इतक्या वर्षांनी एक प्रश्न मनात बसलाय तो आज सोडवायचा ठरवलंय, की ही नक्षीदार हाताने बनवलेली कॉइल खरंच एवढ्या मेहनतीची आहे का?

महाराष्ट्रातून बघताय त्यांना आधीच सांगतो, भारतात सप्टेंबर 2019 पासून ई-सिगरेटवर बंदी आहे. बनवणं, विकणं, आयात करणं, साठा ठेवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसत्या साठ्याला शिक्षा याहून कमी. मी गावी येतो तेव्हा हे सगळं इथेच कपाटात राहतं आणि खिशात निकोटीनची च्युइंगगम असते. आणि ज्याने आयुष्यात सिगरेट ओढली नाही त्याने याच्या वाटेलाच जाऊ नये, निकोटीनची सवय ती सवयच.

(पडद्यावर: उघडी कॉइल, हळूहळू लाल होताना.)

कॉइल म्हणजे काय हे ज्यांनी होस्टेलला शेगडी वापरलीये त्यांना सांगायलाच नको. तीच गोष्ट. शेगडीची कॉइल तुटली की आपण दोन टोकं एकमेकांत अडकवून पीळ द्यायचो, परत लाल व्हायची, प्रत्येक वेळी थोडी आखूड व्हायची आणि जास्त तापायची. इथे तसंच, फक्त कॉइल नखाएवढी आणि तिच्या पोटात कापूस. कापूस निकोटीनवालं लिक्विड शोषतो, तार तापते, लिक्विडची वाफ होते. तारही त्याच जातीची. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम, अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना 1906 मध्ये पेटंट मिळालेला मिश्रधातू, आणि दुसरी कांथल, ती स्वीडनची, लोखंड क्रोमियम अ‍ॅल्युमिनियमची. दोन्ही भट्ट्या आणि हीटर यांच्यासाठी जन्मल्या, तोंडात धरायच्या वस्तूत आपण नंतर घातल्या, हे मी विसरत नाही, त्यावर पुढे येतो.

साधी कॉइल म्हणजे 26 गेज कांथल, 0.4 मिलिमीटरची तार, 3 मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे. झालं. पाच मिनिटं. रेझिस्टन्स येतो साधारण 0.8 ओहम.

मग लोकांना वाटलं की या तारेवर अजून बारीक तार गुंडाळली तर? गिटारच्या जाड तारेवर जशी दुसरी तार गुंडाळलेली असते तशी दिसते म्हणून तिला नाव पडलं क्लॅप्टन, गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनवरून. पैठणीची जर ज्यांनी जवळून बघितलीये त्यांना हे लगेच कळेल, आत रेशमाचा धागा आणि वर धातूची पट्टी गुंडाळलेली, काम तेच, फक्त इथे आतला धागाही धातूचाच. दोन तारा शेजारी ठेवून एकत्र गुंडाळल्या की फ्यूज्ड क्लॅप्टन. आणि त्याच्याही पुढे एलियन.

एलियन कशी बनते ते दाखवतो कारण यातच सगळा जीव जातो. आधी एकाच तारेवर बारीक तार गुंडाळायची. मग आतली तार अलगद ओढून बाहेर काढायची, हातात उरते एक इवलीशी स्प्रिंग. ती स्प्रिंग ताणायची, किती ताणायची हे कुठल्या पुस्तकात नाही, बोटांनाच कळतं, जास्त ताणली तर सरळ तार होऊन बसते, कमी ताणली तर वेढे एकमेकांवर चढतात. आणि ती लाटालाटांची तार आता तीन तारांवर परत गुंडाळायची. जमलं तर लाटेत लाट बसते आणि वेणीसारखी नक्षी उमटते, भिंगाखाली बघा, सुंदर दिसते हो, मी उगाच नाही म्हणत. अमेरिका, मलेशिया, फिलिपिन्समध्ये असले बिल्डर आहेत की त्यांच्या कॉइलचे फोटो दागिन्यांच्या फोटोसारखे लोक बघत बसतात. बर्मिंगहॅमला एनईसी या प्रदर्शन केंद्रात व्हेपर एक्स्पो भरला होता तिथे गेलो होतो तेव्हा एका टेबलासमोर मी अर्धा तास नुसता उभा होतो.

(पडद्यावर: तीन ड्रिपर ओळीने. एक, दोन, तीन.)

तर चाचणी. सारखेच तीन ड्रिपर, म्हणजे कॉइल बसवायची व्हेपची तोंडं, घेतले, तिन्हीत एकच लिक्विड, तोच कापूस. पहिल्यात साधी कांथल. दुसऱ्यात फ्यूज्ड क्लॅप्टन, 28 गेजच्या दोन तारा आणि वर 38. तिसऱ्यात एलियन, 28 च्या तीन तारा. वेळ लागला पाच मिनिटं, चाळीस मिनिटं आणि एलियनला दोन तास दहा मिनिटं, त्यातही पहिला तुकडा शेवटच्या दोन बोटांवर तुटला म्हणून टाकून दिला. चाळीस मिनिटं जास्त वाटतील पण हिशेब बघा, 0.1 मिलिमीटरची तार म्हणजे एका मिलिमीटरला दहा वेढे, 15 सेंटिमीटरचा तुकडा करायचा तर दीड हजार वेढे.

चव कोण बघणार? माझी स्वतःची जीभ बेइमान आहे, ज्याच्यावर दोन तास घालवले ते मला चांगलंच लागणार. म्हणून दादांना बोलावलं. दादा म्हणजे सोलापूरचे, माझ्यापेक्षा बरेच मोठे, इथे बस चालवतात, पूर्वी पक्के सिगरेटवाले. त्यांच्या डोळ्यांवर मफलर बांधला आणि एकेक हातात देत गेलो, प्रत्येक वेळी क्रम बदलून, पाच फेऱ्या.

साधी कॉइल त्यांनी पाचही वेळा ओळखली. म्हणाले, "ही पातळ लागते रे, ताकातल्या पाण्यासारखी." पण फ्यूज्ड आणि एलियन यात पाचपैकी तीन वेळा चुकले, आणि चौथ्या फेरीत वैतागून विचारलं, "तू मला एकच वस्तू दोनदा देतोयस का?"

मी जरा गप्पच झालो. दोन तास दहा मिनिटं.

मग एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. साध्या कॉइलला मी नीट वागवलंच नव्हतं. तिला हवेच्या भोकाच्या अगदी जवळ खाली आणलं, हवा अर्धी बंद केली, कापूस थोडा विरळ केला, पॉवर 18 वरून 22 वॅट. परत दिली. दादा म्हणाले, "ही मघाची नाही." मघाचीच होती. एका माणसाची एका संध्याकाळची चाचणी आहे ही, प्रयोगशाळा नाही, पण माझं डोकं त्या संध्याकाळी फिरलं ते खरं, कारण मी वर्षानुवर्षं तारेवर मेहनत घेत होतो आणि चवीतला मोठा भाग कापूस आणि हवा यांच्या हातात होता. कापूस घट्ट बसला तर लिक्विड पोचत नाही आणि घसा जाळणारा ड्राय हिट येतो, सैल बसला तर गुळगुळ आवाज आणि तोंडात थेंब, आणि त्यात जगातली सगळ्यात देखणी एलियन असली तरी काही फरक पडत नाही.

फ्यूज्ड क्लॅप्टनचा फायदा मात्र खरा आहे. बारीक वेढ्यांच्या फटीत लिक्विड अडकतं, तापणारा पृष्ठभाग वाढतो, वाफ दाट येते. ते दादांच्या जिभेलाही कळलं. एलियनमध्ये तोच फायदा थोडा अजून ताणलेला आहे आणि सोबत धातू वाढलेला. माझ्या मापाच्या एलियनमध्ये साध्या कॉइलच्या साधारण तिप्पट धातू भरतो. तो सगळा आधी तापायला हवा, म्हणून बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, आणि सोडल्यावरही चर्रर्र चालूच राहतं. बॅटरी खाते, लिक्विड खाते.

बॅटरीवर जरा थांबतो, कारण नक्षीच्या नादात पोरं इथेच चुकतात. अशी एक एलियन 0.29 ओहमच्या आसपास येते. लोक दोन लावतात, मग झाले साधारण 0.145. फुल चार्ज सेल 4.2 व्होल्ट. भागून बघा, 29 अँपिअर. व्हेपमधल्या चांगल्या 18650 मापाच्या सेलची सलग क्षमता साधारण 20 ते 25 अँपिअर. सर्किटवाला मॉड, म्हणजे सेल बसवायचा डबा, असेल तर तो अडवतो, पण मेकॅनिकल मॉडमध्ये अडवणारं काही नसतं, सेल आणि कॉइल थेट समोरासमोर. 2018 मध्ये फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला व्हेप फुटून माणसं मेली आहेत. ओहम मीटरवर मोजल्याशिवाय कॉइल पेटवायची नाही, सेलचं वेष्टन फाटलं असेल तर तो सेल वापरायचा नाही. माझ्यासमोर बसून कोणी हे टाळलं तर मी त्याच्या हातातून मॉड काढून घेतो, मग राग आला तरी चालेल.

आणि धातूचं. 2018 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी रोज व्हेप करणाऱ्या 56 जणांची उपकरणं तपासली, बऱ्याच नमुन्यांच्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम, मँगनीज सापडलं, आणि कॉइलच्या संपर्कात आल्यावर लिक्विडमधलं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यात एलियन वेगळी तपासलेली नाही त्यामुळे ती जास्त वाईट असं मी म्हणणार नाही. पण कॉइल सारखी लालबुंद करून साफ करायची सवय मी सोडली, कापूस बदलायच्या वेळी तार काळी दिसली की सरळ नवी घालतो. आता तुम्हीच सांगा, पाच मिनिटांची कॉइल फेकताना हात अडखळत नाही, दोन तासांची फेकवते का? मी काळ्या पडलेल्या एलियन दोन-दोन महिने ओढल्यात, केवळ जीव अडकला म्हणून.

(पडद्यावर: वही. आकडे.)

सगळ्यात जास्त लागलं ते या वहीतलं पान. सिगरेट सोडली तेव्हा मी मिलीला 12 मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड ओढायचो, दिवसाला 3 मिली. मोठ्या कॉइल आल्या, वाफ वाढली, तेवढं निकोटीन घशाला सोसेना म्हणून 6 वर आलो, मग 3 वर. किती खूश होतो मी, चौथाई केलं म्हणून. पण दोन एलियन दिवसाला 15 मिली प्यायच्या. तीन गुणिले पंधरा पंचेचाळीस. बारा गुणिले तीन छत्तीस. म्हणजे बाटलीवरचा आकडा उतरला आणि दिवसभरात जाळलेलं निकोटीन वाढलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच कधी गुणाकार केला नव्हता. खर्चाचंही तसंच, ब्रिटिश सरकारने 1 ऑक्टोबर 2026 पासून लिक्विडवर दर 10 मिलीला 2.20 पौंड ड्युटी ठरवली आहे, 15 मिलीच्या हिशेबाने दिवसाला 3.30, महिन्याला जवळजवळ 100 पौंड नुसता कर.

मग मेहनत वाया गेली का? चवीसाठी विचारत असाल तर एलियनची गेली, हो. फ्यूज्ड शिका, साधी नीट लावायला त्याच्याही आधी शिका. पण सिगरेट सोडलेल्या माणसाला विचारा, सुटल्यावर हातांचं काय करायचं ते. जेवण झालं की हात खिशाकडे जायचा. पहिल्या हिवाळ्यात मी या टेबलावर तारा गुंडाळत बसायचो आणि ते दोन तास बाहेर थंडीत जाऊन कुणाकडे सिगरेट मागावी असं एकदाही वाटलं नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले आणि डोळे वेढ्यावर. त्या कॉइलनी मला वाफ काय दिली ते सोडा, ते दोन तास दिले. ते मी कमी धरणार नाही.

आमच्या आप्पांचं मोटर भरायचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळल्या की आमच्याकडे भरायला यायच्या. 2019 च्या महापुरानंतर तर चिखलाने भरलेल्या मोटरींचा ढीग दारात लागला होता, आप्पांनी वय झालेलं असताना रात्र रात्र तांब्याची तार स्लॉटमध्ये बसवली. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी ड्रिल लावून बसलेलो दिसलो तर म्हणाले, "काय करायलास रे?"

मी सगळं सांगितलं, खरं खरं, कशासाठी ते पण. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "वेढे मोजतोस का?"

म्हटलं, "नाही आप्पा, अंदाजाने जातं."

"अंदाजाने? मग ते काम न्हवं. दाखव इकडं."

(पडद्यावर: फोनच्या कॅमेऱ्यासमोर चिमट्यात धरलेली कॉइल.)

ही दुसरी एक एलियन, न वापरलेली, तशीच दोन तासांची. मी ती कॅमेऱ्याजवळ नेली, आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फोन नाकाशी आणून बोटाने हवेत मोजायला लागले, एक, दोन, तीन. खालून आई विचारत होती कोणाचा फोन. पाचव्याला थांबले, परत पहिल्यापासून मोजलं.

"तिसरा जरा सुटलाय," म्हणाले. "बाकी बरं हाय."

मी दिव्याखाली धरून बघितलं. तिसरा सुटला होता.