झोंबी कादंबरी वाचताना मी पिंप का मोजते

(पंचवटीतल्या वाड्याची मागची पडवी. भिंतीशी पाण्याचं निळं पिंप. हातात कोपरे दुमडलेलं जाड पुस्तक.)

नमस्कार मंडळी.

पावसाळ्यात नाशकात एक प्रश्न दिवसातून दहादा कानावर येतो. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, पुण्याची मावशी फोन करून विचारते: "मारुतीला पाणी कुठवर आलंय?" गोदाघाटावर आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे आम्ही नंतर बघतो, आधी मारुती बघतो. पायाला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलायला लागतात. कमरेला आलं की सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर चढतो. छातीला आलं की विचारणंच बंद होतं, सगळे कामाला लागलेले असतात.

मढ्यागत झालेली माणसं जिवंतांना चावत सुटतात, ती झोंबीची गोष्ट. चांगल्या झोंबी कादंबरीची पहिली पन्नास पानं मला अशीच वाटतात. कुठल्याशा गावात एका मुलाला ताप. एक चावा. बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. मग शाळेला दोन दिवस सुट्टी. मग पेट्रोल पंपावर रांग. आपल्याला कळलेलं असतं, पुस्तकातल्या माणसांना अजून कळायचं असतं. पाणी चढत असतं आणि आपण पान उलटत असतो.

माझ्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेलं एक वाक्य आहे: "उंदीर पडला की गाव सोडायचं." प्लेगच्या वर्षांतलं. आढ्यावरून मेलेला उंदीर टपकन जमिनीवर पडला की घरात चर्चा नाही. अंथरूण-पांघरूण, पिठाचा डबा, दाराला कुलूप, आणि गावाबाहेर माळावर झोपड्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या मुलखातली माणसं अशी माळावर जाऊन राहिली. झोंबी कादंबरीची सगळी सुरुवात मला त्या दोन शब्दांत दिसते. उंदीर पडला.

आता शब्दाचं बोलते. वाचनालयात मी पहिल्यांदा "झोंबीची कादंबरी आहे का?" असं विचारलं, तेव्हा काकांनी आनंद यादवांची 'झोंबी' हातात ठेवली. मी ती घरी आणली आणि एका बैठकीत वाचली. शिकायला मिळावं म्हणून घराशी आणि गरिबीशी झटणारा पोरगा. मराठीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. हा दुसरा झोंबी हैतीतून आलाय.

हैती कॅरिबियन समुद्रात आहे. फ्रेंचांच्या ताब्यात असताना तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं मरेपर्यंत राबवली जायची. मेल्यावर तरी सुटका होईल, एवढीच आशा. त्यामुळे तिथली सगळ्यात मोठी भीती कोणती असेल? की एखादा मांत्रिक आपलं प्रेत उठवील आणि पुन्हा कामाला जुंपील. मेल्यावरही न सुटलेला गुलाम, तो मूळचा झोंबी. हैतीच्या लोकांनी लढून १८०४ मध्ये स्वतःचं राष्ट्र उभं केलं. पुढे १९१५ ते १९३४ अमेरिकेचं सैन्य तिथं ठाण मांडून होतं, आणि त्याच काळात ही कल्पना अमेरिकेत पोचली. जाताना तिच्यातला उसाचा मळा गळाला, नुसतं मढं उरलं. मला याचं वाईट वाटतं. अशी कादंबरी उघडताना ती माणसं आठवावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून थांबून सांगितलं.

कादंबरीच्या बाजूनं बघायचं तर १९५४ हे साल महत्त्वाचं. रिचर्ड मॅथेसननं 'आय अ‍ॅम लेजंड' लिहिली. त्यात रक्त पिणारे पिशाच आहेत, झोंबी नाहीत. पण त्यानं पिशाचाचं कारण जंतू ठरवलं, आणि एका माणसाला घरात कोंडून रोज लसूण, फळ्या, जनरेटर यांचा हिशोब ठेवायला लावला. जॉर्ज रोमेरोला १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमाची कल्पना या कादंबरीवरून सुचली. त्या सिनेमात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही, तरी आजचा झोंबी जन्मला तो तिथंच.

कोणीतरी लगेच म्हणतं, "आपल्याकडे तर जाळतात, मग झोंबी येणार कुठून?" थडग्यातून उठणारे झोंबी आता कादंबऱ्यांत फारसे नसतातच. आता साथ असते. चालत्याबोलत्या माणसाला चावा बसतो, ताप चढतो, आणि थोड्या वेळानं तो माणूस तो राहत नाही. स्मशानाचा संबंधच येत नाही.

पण या प्रश्नाच्या मागे एक खरी गोष्ट आहे. आपली भुतं वेगळी असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, समंध पुरलेल्या धनावर. वेताळ प्रेतात शिरतो, पण तोसुद्धा गोष्ट सांगतो आणि कोडं घालतो. प्रत्येकाला पत्ता आहे आणि प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय. नारळ द्या, भात ओवाळून टाका, काय हवंय ते विचारा. झोंबीला ना पत्ता, ना मागणं. त्याच्याशी बोलायची सोयच नाही. त्यामुळे बोलणं उरतं ते दाराच्या आतल्या माणसांचं, आणि कादंबरी खरी घडते ती तिथं.

(पिंपावर हात ठेवून.)

मी नाशिकच्याच अंबडला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. दिवसभर बिन कार्ड. काय आलं, काय गेलं, किती उरलं. सेफ्टी स्टॉकच्या, म्हणजे कमीत कमी ठेवायच्या साठ्याच्या, खाली गेलं की लाल शेरा. त्यामुळे कादंबरीतली माणसं एखाद्या बंद दुकानात शिरतात आणि फळीवरचे डबे मोजायला लागतात, तिथं माझं वाचन हळू होतं. मीही त्यांच्याबरोबर मोजते. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं, झोंबी आले तर काय तयारी ठेवाल असा लेख काढला होता. हेतू हा की लोकांनी पूर-वादळाची तयारी करावी. त्यात माणशी रोज एक गॅलन पाणी धरलंय, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. हे आमचं पिंप २०० लिटरचं. घरात आजी, आई, बाबा आणि मी. रोजचे पंधरा लिटर. तेरा दिवस. आंघोळ नाही, भांडी राखेनं घासायची. तेराव्या दिवशी कोणीतरी दाराबाहेर जाणार. कोण?

हा "कोण?" माझ्या डोक्यात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. भीतीमुळे नव्हे. मी मनातल्या मनात आईशी भांडत होते, कारण ती म्हणाली असती, "मी जाते."

आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे, बेगमी. मे महिन्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे. गव्हात कडुनिंबाचा पाला, तांदळाला एरंडेल, डाळींना ऊन. आजी कोठीचं झाकण लावताना हाताच्या तळव्यानं दोनदा थापटते, लहान बाळाला थापटावं तसं. चार महिने पाऊस, बाहेर जाता येणार नाही, घरातली तोंडं इतकी. झोंबी कादंबरी वाचायला मला वेगळी तयारी लागली नाही, कारण या घरात मी लहानपणापासून बेगमी बघितली आहे.

आणि बेगमीच्या पुढची पायरी म्हणजे वेढा. नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागलं की आशेवाडीपाशी रामशेज दिसतो. बुटका किल्ला, तासाभरात चढून होतो. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला आणि मोजकी शिबंदी घेऊन तो पाच वर्षांहून जास्त झुंजला. आत धड तोफा नव्हत्या. लाकूड पोखरून तोफा केल्या होत्या, असं मुघलांच्याच इतिहासकारानं, खाफी खानानं, लिहून ठेवलंय. माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मी तिथं उभी राहून टाक्यात डोकावले तेव्हा डोक्यात पिंपाचाच हिशोब सुरू झाला. इतकी माणसं, इतके उन्हाळे, आणि हे पाणी. शेवटी किल्ला गेला तो किल्लेदार बदलल्यावर, पैसे चारून. भिंत बाहेरून पडली नाही. ज्यानं चार झोंबी कादंबऱ्या वाचल्यात त्याला हे ऐकून मान हलवावीशी वाटेल. तिथंही कुंपण तुटतं ते आतल्या कोणाच्या तरी हातून.

म्हणूनच मला नुसत्या बंदुकांच्या कादंबऱ्या आवडत नाहीत. तशा ढिगानं आहेत. पहिल्या पानापासून एक तगडा माणूस, गाडीभर काडतुसं, आणि वाटेत भेटेल त्याला उडवायचं. शेजारी म्हणजे शत्रू. अशी पुस्तकं मी अर्ध्यात ठेवते. साथ आली की माणूस फक्त हिसकावतो, हे मला पटत नाही, आणि आपला इतिहासही तसं सांगत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या. पोरगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. चांगली झोंबी कादंबरी हाच प्रश्न घेऊन बसते, की कोण कोणाला पाठीवर घेईल. पळताना हात धरून ओढलेलं म्हातारं माणूस, बरोबर घेतलेलं परकं मूल. मी त्या पानांसाठी वाचते.

आता दोन पुस्तकं, दोन्ही मला फार जवळची.

पहिलं मॅक्स ब्रूक्सचं 'वर्ल्ड वॉर झी', २००६ चं. झोंबींशी झालेलं युद्ध संपलंय, आणि एक माणूस जगभर फिरून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतोय. डॉक्टर, सैनिक, लबाड व्यापारी, सगळे आपापलं सांगतात. एक मुलाखत गुजरातमधल्या अलंगची आहे. अलंगला जुनी जहाजं तोडायला आणतात. लोक जीव घेऊन समुद्राकडे धावतात आणि त्यांना दिसतात ती मोडीत निघालेली जहाजं. विचार करा. पळून जायला जहाज आहे, पण ते इथं आलंय तेच मरायला. अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याला ही जागा सुचली, याचं मला कौतुक वाटतं.

दुसरं कोल्सन व्हाइटहेडचं 'झोन वन', २०११ चं. हे सावकाश चालतं. फक्त तीन दिवस, न्यूयॉर्कचं मॅनहॅटन, आणि इमारतींतले उरलेले झोंबी संपवत फिरणारी माणसं. यात झोंबींची एक जात आहे, स्ट्रॅगलर. हे चावत नाहीत. जिवंतपणीच्या एखाद्या जागेवर जाऊन नुसते उभे राहतात. एक जण झेरॉक्स मशीनपाशी उभा आहे, कायमचा.

ते वाचल्यावर मी पंधरा दिवस गावात वेगळ्या डोळ्यांनी फिरत होते. सीबीएस बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक काका कागदाची कड टेबलावर ठोकून सारखी करत होते, टक टक टक. भाजीबाजारात एक बाई मेथीची जुडी उलटी धरून मुळं बघत होती. वाचनालयात एक आजोबा पेपरचं पान उलटण्याआधी बोट ओलं करत होते. ही माणसं कुठं थांबतील, ते मला दिसायला लागलं. रोज बघते त्यांना, पण इतकं कधी बघितलं नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये रस्ते रिकामे झाले तेव्हा मला ओळखीचं वाटलं, हे खरं आहे. इंग्रजांनी प्लेगसाठी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदाच पुन्हा लागू झाला होता. अमेरिकेत कोल्टन स्क्रिव्हनर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या काळात ३१० लोकांची पाहणी केली. झोंबी आणि जगबुडीचे सिनेमे आवडणारी माणसं जास्त तयारीत आणि मनानं जास्त स्थिर आढळली. त्या सिनेमांमुळे ती तशी झाली की तशीच माणसं ते बघतात, हे त्यातून ठरत नाही. मला एवढंच सांगता येईल की आमच्या घरी आजी आणि मी, दोघी शांत होतो. तिनं प्लेगच्या गोष्टी ऐकल्या होत्या, मी ही पुस्तकं वाचली होती.

सुरुवात करायची असेल तर 'वर्ल्ड वॉर झी' घ्या. मुलाखती छोट्या आहेत, रोज एक झाली तरी चालते. इंग्रजी बोलण्यातलं आहे. हत्यारांची नावं अडली तर सोडून द्या. रक्तामांसाचं वर्णन सोसत नसेल तर तो परिच्छेद गाळा, गोष्ट तुटत नाही. आणि पन्नास पानं झाली की पुस्तक उपडं ठेवून उठा आणि आपल्या घराची दारं मोजा.

मी मोजली तेव्हा मला तीन आठवत होती. निघाली चार. चौथं धान्याच्या कोठीच्या मागे, कोळिष्टकांत, आतून खिळे ठोकून बंद केलेलं. इतकी वर्षं मी त्या कोठीतून गहू काढतेय. आजीला विचारलं, हे दार का बंद केलं?

"ते नदीकडं उघडतं," आजी म्हणाली. "पूर आला की पाणी पहिल्यांदा तिथनंच आत यायचं."