दुधाची भांडी: टेंभी नाक्याच्या एका गल्लीची आठवण

(टेंभी नाका, सकाळची वर्दळ. रिक्षांच्या रांगेमागे सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, फाटक.)

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकरांना नवरात्र आठवतं. देवीचा मांडव, रोषणाई, लांबच लांब रांगा. मला आधी आठवतो शुक्रवार. दिवेलागणीच्या आधीच समोरच्या घरात काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाची वात लागायची. आमच्याकडे दिवा देवापाशी, त्यांच्याकडे छतापासून टांगलेला. आमची शुभंकरोती संपते न संपते तोच पलीकडून शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, प्रार्थनेचे सूर यायचे. हिब्रूतला एक शब्दही आम्हाला कळत नसे, पण चाल पाठ झाली होती.

आमच्या चाळीत आणि आसपास अशी चार-पाच घरं होती. बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची. सगळी मराठी बोलणारी, कोकणातून आलेली. आडनावंच सांगायची गाव कुठलं ते: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचा हा वंश. गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुढे पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत नोकऱ्या मिळाल्या आणि घाणे सुटले. ठाणं म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, रेल्वेचं गाव. इथे ती कुटुंबं स्थिरावली.

हे जे फाटक दिसतंय, ते 'शाआर हशामायिम', म्हणजे स्वर्गाचं द्वार. 1879 सालचं सिनेगॉग. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला येऊन तेव्हा 26 वर्षं झाली होती. गावात मराठी ग्रंथसंग्रहालय निघायला अजून 14 वर्षं होती. हाकेच्या अंतरावर पारशांची अग्यारी, तळ्याच्या काठाला कौपिनेश्वर आणि चर्च. लहानपणी आम्हाला यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही.

(जुन्या चाळीचा लाकडी जिना. दाराची चौकट, जवळून.)

त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक लहानशी नळी तिरकी ठोकलेली असे. मेझुझा. आत चर्मपत्रावर लिहिलेली शास्त्रवचनं. येता-जाता त्या घरातली माणसं तिला बोटं लावून ओठांना लावत. आम्ही खेळता खेळता आत शिरलो की आम्हीही लावायचो. त्या घरातल्या आजी हसायच्या, पण कधी 'नको' म्हणाल्या नाहीत.

आणि त्यांचे सण! नावं ऐका. नव्याचा सण, तो रोश हशाना, त्यांचं नवं वर्ष. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर. पांढरे कपडे, कडक उपास, दिवसभर दार लावून घरात. आणि जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवसाचा उपास, त्याचं नाव बिरड्याचा रोजा, कारण त्याला जोडून जेवणात वालाचं बिरडं असायचं. हजारो वर्षांपूर्वीचं, हजारो मैलांवरचं दुःख, आणि त्याची आठवण ठेवायला कोकणातला कडवा वाल! मला यात त्यांचं सगळं कोकणीपण दिसतं.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा व्हायचा. गहू भिजत घालायचा, पाट्यावर वाटायचा, पिळून चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात साखर घालून तासन्‌तास घोटायचा. घोटायला आळीपाळीने सगळी चाळ. गायी-म्हशीचं दूध त्यात घालत नसत, कारण त्यांच्या धर्मात मटणाबरोबर दूध चालत नाही. म्हणून तर घरात भांडीही दोन तऱ्हांची, मटणाची वेगळी, दुधाची वेगळी.

मग 1948 साली इस्रायल झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत एकेक घर निघालं. कुणी त्यांना घालवलं नाही. ज्या भूमीकडे तोंड करून रोज प्रार्थना करायची ती भूमी बोलावत होती आणि कोकण सुटत नव्हतं. आजी तर शेवटपर्यंत तयार नव्हत्या. तिथेही सगळं सोपं नव्हतं. लग्नं लावताना तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या वंशाबद्दल शंका काढली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारने ते पूर्ण ज्यू असल्याचं ठासून सांगितलं. हे मला आजही लागतं. त्यांच्या घरातला शुक्रवार ज्यांनी पाहिलाय, त्यांना विचारायचं होतं.

आमच्या समोरचं घर 1969 च्या मे महिन्यात निघालं. विमानात सामान नेऊन नेणार किती? पाटा-वरवंटा जिन्याखालीच राहिला. भांड्यांची वाटणी त्या घरातल्या मावशींनी स्वतः केली. आमच्याकडे मटण शिजत नसे, म्हणून दुधाची भांडी माझ्या आईला. मटणाची, खालच्या मजल्यावरच्या सीकेपी काकूंना. जाताना पाव शतकाचा संसार त्यांनी असा नीट लावून दिला.

(आजचं सिनेगॉग. शनिवार सकाळ.)

गल्ली गेली, पण समाज गेला नाही, हे सांगायलाच हवं. मुंबई परिसरातली कितीतरी ज्यू कुटुंबं आज ठाण्यातच राहतात. सिनेगॉगमध्ये प्रार्थना होते. मन्नत फेडायला मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं. आणि तिकडे इस्रायलात गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

आमची चाळ मात्र पुनर्विकासात गेली. पाडायच्या आदल्या दिवशी मी समोरच्या दारापाशी जाऊन आले. ऑईलपेंटच्या थरांखाली चौकटीवर खिळ्यांच्या दोन खुणा होत्या, एक वर, एक खाली, तिरक्या. बोट लावलं. सवयीनेच.

(स्वयंपाकघर. ओट्यावर पितळी पातेलं.)

हे ते पातेलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय. नाव दाखवू नका असं मावशींच्या लेकीने कळवलंय, म्हणून फक्त साल दाखवते: 1946. लग्नातलं असणार. आईने त्यात दुधाशिवाय कधी काही ठेवलं नाही, साधं वरणसुद्धा नाही. ती गेल्यावर मीही नाही.

मावशींची लेक, माझी वर्गमैत्रीण, मागच्या वर्षी लोदहून आली होती. पातेलं तिच्यापुढे ठेवलं. तिने काठावरून अंगठा फिरवला, अक्षरं लागली तशी थांबली. मग विचारलं, "मटण?"

"छे गं. दूधच."

ती उठली, पातेलं विसळलं, पिशवी फोडून दूध तापत ठेवलं आणि वर येईपर्यंत शेगडीशी उभी राहिली. चहाला साखर किती घालू म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "अर्धा चमचा. आणि आलं किसून घाल, तुझी आई घालायची तसं."